अब्बांची कुपी आणि एक अक्षर

मी मराठी घेऊन बी. ए. झालो. प्रयोगशाळेशी माझा संबंध नाही. पण अब्बांच्या इन्सुलिनमुळे एका प्रयोगाची गोष्ट माझ्या मनात घर करून राहिली आहे.

त्या काळी इन्सुलिन गाईच्या किंवा डुकराच्या स्वादुपिंडातून काढत. पहिली कुपी हाती आली तेव्हा अब्बांनी हलकेच विचारलं, ‘‘डॉक्टरसाहेब, हे कुठल्या जनावराचं?’’ मौलाना म्हणाले, ‘‘जीव वाचवण्यासाठी मुभा आहे.’’ अब्बा सुई घेत राहिले. पण दर वेळी क्षणभर थांबत.

माणसाचं संप्रेरक जीवाणूकडून करून घ्यायचा प्रयत्न तेव्हा कॅलिफोर्नियात होऊन गेला होता. केइची इटाकुरा, आर्थर रिग्ज आणि हर्बर्ट बॉयर यांनी सुरुवातीला सोमॅटोस्टॅटिन निवडलं. अवघ्या १४ अमिनो आम्लांची ही साखळी. याआधी तिचे काही मिलिग्रॅम मिळवायला सुमारे पाच लाख मेंढ्यांच्या मेंदूंचे तुकडे लागले होते.

इटाकुरांनी जनुक रसायनांतून घडवलं, ते जीवाणूत घातलं. १९७७ च्या त्या पहिल्या खेपेला हाती काहीच लागलं नाही. संशय गेला तो जीवाणूच्या विकरांवर. एवढीशी परकी साखळी दिसली, की ते तिचे तुकडे करत असावेत.

मग तिला आडोसा दिला. जीवाणूचं स्वतःचं, हजारावर अमिनो आम्लांचं बीटा-गॅलॅक्टोसायडेज हे प्रथिन घेतलं आणि त्याच्या शेवटाकडे ही साखळी जोडली. आता ती टिकली. पण सोडवायची कशी?

इथे कवी म्हणून मी थबकतो. जोडाच्या जागी त्यांनी मेथिओनिन हे एक अमिनो आम्ल बसवलं होतं. सायनोजेन ब्रोमाइड हे रसायन मेथिओनिनपाशीच साखळी तोडतं. आडोशाच्या प्रथिनात मेथिओनिन ठिकठिकाणी, म्हणून त्याचे तुकडे झाले. सोमॅटोस्टॅटिनमध्ये मेथिओनिनच नाही, म्हणून ते अखंड बाहेर आलं. शब्दात जे अक्षर नाही, नेमकं त्याच अक्षरावर कात्री!

ही युक्ती सगळीकडे चालत नाही. हव्या असलेल्या प्रथिनातच मेथिओनिन असेल, तर तेही तुटतं. म्हणून पुढे ठरावीक क्रम ओळखून तिथेच कापणारी विकरं वापरात आली. तरीही कापायची जागा घडीत दडली, तर विकर तिथे पोचत नाही; मग मध्ये थोडी मोकळी साखळी घालावी लागते.

माणसाच्या इन्सुलिनमध्येही मेथिओनिन नाही. १९७८ मध्ये त्याच्या २१ आणि ३० अमिनो आम्लांच्या दोन साखळ्या याच रीतीने वेगवेगळ्या करून जोडल्या गेल्या. १९८२ मध्ये अमेरिकेत ते औषध म्हणून मंजूर झालं. नंतर पद्धती बदलल्या, यीस्टकडूनही इन्सुलिन करून घेऊ लागले.

आमच्या घरी ते बऱ्याच वर्षांनी आलं. कुपीवर ‘मानवी इन्सुलिन’ असं लिहिलं होतं. अब्बांनी चष्मा लावून ते दोनदा वाचलं आणि मला म्हणाले, ‘‘भर सुई.’’

(नभोवाणीवरील भाषणाचा संपादित अंश)