अंगात रक्त कमी असेल तर बीपी वाढत नाही? हा गैरसमज महागात पडू शकतो

चक्कर आली की घरातला पहिला अंदाज ठरलेला असतो: 'रक्त कमी आहे, बीपी लो झालं असेल.' लगेच लिंबू-मीठ-साखरेचं पाणी हातात येतं. पण त्या वेळी बीपी वाढलेलं असेल तर?

रक्त कमी असणं, म्हणजेच ॲनिमिया, ही हिमोग्लोबिनची गोष्ट आहे. महिलांमध्ये ते १२ च्या खाली, पुरुषांमध्ये १३ च्या आणि गरोदरपणात ११ च्या खाली गेलं की ॲनिमिया. बीपी म्हणजे रक्तवाहिन्यांवर पडणारा दाब. तो सातत्याने १४०/९० किंवा जास्त असेल तर हाय बीपी. दोन्ही एकाच माणसाला असू शकतात. चक्कर, धाप, थकवा दोन्हींत दिसू शकतो, त्यामुळे मोजल्याशिवाय कळत नाही.

दोन्ही एकत्र आढळले तर किडनी तपासायला हवी. रक्तपेशी तयार करण्याचा निरोप देणारं 'एरिथ्रोपोएटिन' हे हार्मोन मुख्यतः किडनीत बनतं. वर्षानुवर्षं वाढलेल्या बीपीने किडनी खराब होते, हार्मोन कमी पडतं आणि रक्त घटतं. खराब किडनी उलट बीपी आणखी वाढवते. अशा वेळी नुसतं बीट-गूळ खाऊन भागत नाही; क्रिएटिनिन आणि लघवीतली प्रथिनं तपासावी लागतात. ताण हृदयावरही येतो: रक्त पातळ म्हणून जास्त पंप करायचं, तेही वाढलेल्या दाबाविरुद्ध.

गरोदरपणात धोका सर्वात मोठा. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणानुसार (२०१९-२१) महाराष्ट्रात १५ ते ४९ वयाच्या सुमारे ५४ टक्के महिलांना ॲनिमिया आहे. त्यात विसाव्या आठवड्यानंतर बीपी वाढलं, तर बाळंतपणात थोडा रक्तस्रावही झेपत नाही. तीव्र डोकेदुखी, डोळ्यांपुढे अंधारी, चेहऱ्यावर सूज दिसली तर थांबू नका. १०८ ला फोन करा.

पनवेलच्या उपजिल्हा रुग्णालयासारख्या सरकारी दवाखान्यांत प्रधानमंत्री सुरक्षित मातृत्व अभियानात दर महिन्याच्या ९ तारखेला गरोदर महिलांची मोफत तपासणी होते. हिमोग्लोबिन आणि बीपी दोन्ही तिथे बघतात.

लोहाची गोळी चालू असेल तर जेवणानंतर लगेच चहा नको, लोह नीट शोषलं जात नाही. आणि बीपी असेल तर लोहासाठी म्हणून खारवलेली सुकी मासळी रोज ताटात नको. लोह मिळेल, पण मीठही तितकंच जाईल.