माकिलाडोरा म्हणजे काय? सीमेवरच्या कारखान्यांत लाखोंना काम कसं मिळालं आणि कसं गेलं, वाचा सविस्तर

एक्स्पोर्टचा कारखाना आला की गावाचं भलं होतं, असं आपण ऐकतो. ते कितपत खरं, हे मेक्सिकोच्या उदाहरणावरून कळतं.

नाव कुठून आलं?
धान्य दळून दिल्याबद्दल गिरणीवाला जो वाटा ठेवून घेई, त्याला स्पॅनिश भाषेत ‘माकिला’ म्हणत. माल दुसऱ्याचा, मेहनत आपली. हे कारखानेही तसेच चालतात. सुटे भाग बहुतांश अमेरिकेतून विनाशुल्क येतात, मेक्सिकोत जोडणी होते आणि तयार माल परत सीमेपलीकडे जातो.

सुरुवात कशी झाली?
मेक्सिकोचे मजूर करारावर अमेरिकेत शेतीकामाला जात. ती योजना १९६४ मध्ये बंद पडली आणि सीमेवर बेकारी वाढली. म्हणून १९६५ मध्ये मेक्सिको सरकारने ही कारखान्यांची योजना आणली. तिहुआना, सिउदाद हुआरेस, मातामोरोस ही शहरं त्यावर वाढली. सुरुवातीला कामगारांत तरुण मुलींचं प्रमाण फार मोठं होतं. त्या कमी पगारात काम करतील, असा मालकांचा हिशोब होता.

रोजगार का वाढला, का घटला?
१ जानेवारी १९९४ ला अमेरिका, कॅनडा आणि मेक्सिकोचा मुक्त व्यापार करार (नाफ्टा) लागू झाला. तेव्हा साधारण साडेपाच लाख कामगार होते, ते २००० पर्यंत तेरा लाखांच्या आसपास गेले. मग अमेरिकेत मंदी आली. डिसेंबर २००१ मध्ये चीन जागतिक व्यापार संघटनेत आला आणि स्वस्त मजुरीसाठी बरंच काम तिकडे वळलं. दोन-तीन वर्षांत दोन लाखांहून जास्त नोकऱ्या गेल्या. कामगारांची चूक काहीच नव्हती.

पुढे वाहनांचे भाग, वायरिंग, वैद्यकीय उपकरणं अशी कामं वाढली. अमेरिका-चीन व्यापार तंट्यानंतर २०२३ मध्ये मेक्सिकोने अमेरिकेला माल विकण्यात चीनला मागे टाकलं.

पगाराचं काय?
जानेवारी २०१९ मध्ये सीमाभागातलं किमान वेतन दिवसाला ८८.३६ वरून १७६.७२ पेसो झालं. मातामोरोसच्या हजारो कामगारांनी संप करून २० टक्के वाढ आणि ३२,००० पेसो बोनस मागितला. अनेक कारखान्यांत तो मिळालाही.

आपण काय घ्यायचं?
सोलापूरचे टॉवेलही परदेशी जातात. बाहेरच्या ऑर्डरवर चालणारं काम बाहेरच्या एका निर्णयाने थांबू शकतं. एमआयडीसीत कामाला लागताना एवढं बघा:

- नेमणूकपत्र हातात मिळालं का?
- ठेकेदारामार्फत असाल तर पीएफ खरंच भरला जातो का? यूएएन नंबर घ्या, मोबाईलवर पासबुक तपासा.
- ईएसआय लागू असेल तर नोंद झाली का?
- मशीनचं असं काम शिकायला मिळतंय का, जे दुसऱ्या कारखान्यातही चालेल?

ऑर्डर थांबली तरी हातातलं कौशल्य आणि खात्यातला पीएफ तुमचाच राहतो.