आवाज हरवला, रेषा उरल्या

चित्रकार अकबर पदमसी यांना 1969 साली नेहरू फेलोशिप मिळाली. त्या पैशांतून त्यांनी मुंबईत नेपियन सी रोडवर ‘व्हिजन एक्स्चेंज वर्कशॉप’ उघडली. चित्रकार, छायाचित्रकार, सिनेमावाले सगळे एकत्र. विशीतल्या नलिनी मलानी यांनी तिथंच पुठ्ठ्याच्या प्रतिकृतींतून ‘ड्रीम हाउसेस’ चित्रित केली.

पदमसींनी स्वतः दोन फिल्म केल्या. ‘सिझिजी’त ना पात्र, ना गोष्ट, बिंदू आणि ते जोडणाऱ्या रेषा, एवढाच ऐवज. सुमारे हजार रेखाटनं त्यांनी काढली आणि ॲनिमेटर राम मोहन यांनी ती हलती केली. फिल्म अकरा मिनिटांची आणि साफ मूक. दुसरी, ‘इव्हेंट्स इन अ क्लाउड चेंबर’, हिला मात्र गीता साराभाईंचं इलेक्ट्रॉनिक संगीत होतं. 1946 साली न्यूयॉर्कमध्ये जॉन केज यांना भारतीय संगीताची ओळख करून देणाऱ्या त्याच या गीता साराभाई.

आकृत्यांना सुरांवर नाचवण्याचं वेड तोवर जुनं झालं होतं. जर्मनीत वाल्टर रुटमान यांनी 1921 सालीच ते सुरू केलं. पुढे ऑस्कर फिशिंगर आणि कॅनडातले नॉर्मन मॅकलॅरेन आले. मॅकलॅरेन तर थेट फिल्मच्या पट्टीवर रंगवायचे. 1966 साली जेम्स व्हिटनी यांच्या ‘लॅपिस’मध्ये ठिपक्यांची मंडलं फुलली, तीही रविशंकरांच्या सतारीवर. आपला राग तिकडे पोचला होता आणि आपली फिल्म इथं मूक होती!

आकृत्या सुरांवर नाचवण्याचं काम असतं हिशेबाचं. सिनेमाची पट्टी सेकंदाला 24 चौकटी धावते. मिनिटाला 120 मात्रांची लय धरली तर एका मात्रेला 12 चौकटी येतात, तीनतालाच्या एका आवर्तनाला 192. चौकोनाचं वर्तुळ समेवर व्हायला हवं असेल, तर 193व्या चौकटीला ते झालेलंच हवं. दोन-तीन चौकटींची चूकही जाणत्याला खटकते. म्हणून आधी संगीत, मग त्याचा चौकटवार तक्ता आणि शेवटी पेन्सिल.

हा हिशेब फिल्म्स डिव्हिजनच्या कार्टून विभागाला पाठ होता. डिस्नेचे क्लेअर वीक्स यांच्या मदतीने तो 1956 साली उभा राहिला, जी. के. गोखले, राम मोहन तिथलेच. चेकोस्लोव्हाकियात ॲनिमेटर त्रिन्का यांच्याकडे शिकलेले प्रमोद पती आणि बासरीवादक विजय राघव राव यांनी 1968 साली ‘एक्स्प्लोरर’ केली. तिच्यात भूमितीपेक्षा माणसंच जास्त, पण चित्रांचा तुकडान् तुकडा आवाजाच्या ठेक्यावर कापलेला. सरकारी कचेरीतून असं काही बाहेर पडलं, यावर आज विश्वास बसत नाही.

फिल्म्स डिव्हिजनचे माहितीपट दाखवणं तेव्हा थिएटरांना सक्तीचं होतं. त्यामुळे देवपुराहून पांझरेचा पूल ओलांडून धुळ्यात सिनेमाला जाणाऱ्यालाही मुख्य चित्रपटाआधी या खात्याची फिल्म पाहावी लागे. बहुतेकांना ती उशिरा पोचण्याची सोय वाटे. पदमसींच्या फिल्मना तेवढाही प्रेक्षक लाभला नाही. ‘क्लाउड चेंबर’ची एकुलती प्रत दिल्लीतल्या कलाप्रदर्शनाला गेली, ती परतलीच नाही. गीताबाईंच्या संगीतासकट ती गेली आणि उरली ती मूक ‘सिझिजी’.

2016 साली आशिम अहलुवालिया यांनी पदमसींना सोबत घेऊन हरवलेल्या फिल्मवर नवी फिल्म केली. चार वर्षांनी, जानेवारी 2020 मध्ये पदमसी गेले. मूळ प्रत अजून सापडलेली नाही.