मोफत दाराचे मोल

विद्या दिल्याने वाढते, असे आपल्याकडे परंपरेने म्हणतात आणि ते खरेही आहे. परंतु ज्या दारातून ती लोकांपर्यंत जायची, ते दार उघडे ठेवण्यास जागा लागते, दिवाबत्ती लागते, माणूस लागतो. आणि हा खर्च कोणाला तरी सोसावाच लागतो. संगणकाच्या इतिहासात या साध्या सत्याची कसोटी लागली, ती अमेरिकेतील ओहायओ राज्यात, ईरी सरोवराच्या काठी वसलेल्या क्लीव्हलंड शहरात.

१९८० च्या सुमारास तेथील मध्यमवर्गीयांच्या घरांत संगणक नुकते येऊ लागले होते. दूरच्या संगणकाशी संबंध जोडायचा, तर टेलिफोनची तार हाच मार्ग होता. मोडेम नावाची लहानशी पेटी संगणकाच्या खुणांचे सुरांत रूपांतर करी आणि तारेच्या पलीकडची तशीच पेटी त्या सुरांच्या पुन्हा खुणा करी. वेग असा मंद की, सेकंदाला सुमारे ३० अक्षरे जात. छापील पुस्तकाचे एक पान पडद्यावर उमटण्यास मिनिटभर लागे. अशी सेवा पुरवणाऱ्या कंपन्या निघाल्या होत्या. त्याच राज्यातील कोलंबस येथील कॉम्प्युसर्व्ह ही त्यांतील एक प्रमुख. तिचे शुल्क तासावर असे आणि रात्रीच्या सवलतीच्या वेळीही ते तासाला पाच-सहा डॉलर पडे. साहजिकच घड्याळाकडे डोळे लावून वाचावे लागे.

क्लीव्हलंडच्या केस वेस्टर्न रिझर्व्ह विद्यापीठात टॉम ग्रंडनर हे वैद्यक शिक्षणाच्या विभागात अध्यापक होते. निरनिराळ्या ठिकाणी काम करणाऱ्या शिकाऊ डॉक्टरांशी संपर्क राहावा, म्हणून त्यांनी संगणकावर एक निरोपफलक उघडला. थोड्याच दिवसांत त्याचा टेलिफोन क्रमांक बाहेरच्या लोकांना कळला आणि कोणी कोणी त्यावर आपल्या प्रकृतीविषयी प्रश्न लिहून ठेवू लागले. दुसरा एखादा अशा आगंतुकांना हाकलून देता. ग्रंडनरांनी मात्र त्यात लोकांची खरी गरज ओळखली. १९८४ मध्ये त्यांनी एक ॲपल संगणक, एक मोडेम आणि टेलिफोनची एकच तार एवढ्या सामग्रीवर ‘सेंट सिलिकॉन हॉस्पिटल’ या गमतीदार नावाची सेवा सुरू केली. नागरिकाने प्रश्न लिहावा आणि डॉक्टरने दिवसभरात उत्तर द्यावे, अशी तिची रीत होती.

या प्रयोगाकडे एटी अँड टी या टेलिफोन कंपनीचे लक्ष गेले व तिने मोठा संगणक देणगी दिला. त्यातून जुलै १९८६ मध्ये ‘क्लीव्हलंड फ्रीनेट’ उभे राहिले. पडद्यावर जणू एक शहरच वसवलेले होते. त्यात टपालकचेरी होती, सार्वजनिक चौक होता, न्यायालय, शाळा, दवाखाना आणि ग्रंथालयही होते. ज्याला जेथे जायचे असेल, त्याने त्या इमारतीचा क्रमांक दाबावा. प्रत्येक इमारतीची देखभाल स्वयंसेवक करीत. वकील, डॉक्टर, शिक्षक आपला वेळ विनामूल्य देत. अमेरिकेत स्थानिक संभाषणास बहुधा वेगळा आकार पडत नसे, मासिक भाड्यातच ते येई. त्यामुळे गावातल्या गावात हे दार खरोखरीच मोफत झाले. आपल्याकडे प्रत्येक कॉलची नोंद मीटरवर होत असल्यामुळे असा प्रयोग त्या काळी इतका सोपा झाला नसता.

ग्रंडनर या कार्याची तुलना सार्वजनिक ग्रंथालयांच्या चळवळीशी करीत. मोफत ग्रंथालय ही कल्पनाही एके काळी नवलाचीच होती. बडोदेकरांना हे निराळे सांगावयास नको. महाराज सयाजीराव गायकवाड यांनी अमेरिकेतील ग्रंथालये पाहिली आणि १९१० मध्ये तेथील विल्यम बॉर्डन या ग्रंथपालास बडोद्यास आणले. गावोगाव वाचनालये निघाली, फिरत्या पुस्तकपेट्या खेड्यांत पोचल्या. त्या योजनेत मोठे शहाणपण होते. गावाने काही रक्कम उभी करावी, तेवढीच प्रांत पंचायतीने द्यावी आणि तेवढीच सरकारने. वाचकाला पुस्तक फुकट मिळे, पण खर्च तीन खांद्यांवर वाटलेला असे.

क्लीव्हलंडच्या बाबतीत ही वाटणी नीट झाली नाही. सुरुवातीला यश मोठे मिळाले. १९८९ मध्ये अशा नगरांची एक राष्ट्रीय संस्था स्थापन झाली आणि ही कल्पना इतर शहरांत, कॅनडातही पसरली. पण १९९३ नंतर अमेरिका ऑनलाइन कंपनीच्या तबकड्या टपालाने घरोघर येऊ लागल्या. त्यांवरही ‘मोफत’ हाच शब्द असे. मात्र मोजके तास संपले की बिल सुरू होई. १९९६ मध्ये राष्ट्रीय संस्थेने दिवाळे जाहीर केले. क्लीव्हलंडच्या नगरीचा भार शेवटी एकट्या विद्यापीठावर होता. इसवी सन २००० लागताना जुन्या यंत्रणेत तारखांचा घोटाळा होईल, हे कारण देऊन विद्यापीठाने सप्टेंबर १९९९ च्या अखेरीस ती बंद केली. कॅनडातील ओटावा येथे मात्र १९९२ मध्ये स्थापन झालेली संस्था सभासदांनी स्वतःची मानली, तिला देणग्या दिल्या, आणि म्हणून ती पुढेही दीर्घकाळ चालली.

‘मोफत’ या एकाच शब्दाचे दोन अर्थ येथे समोरासमोर येतात. गिऱ्हाइकाला दुकानात ओढण्यासाठी वाटलेला नमुना मोफत असतो आणि गावाने खर्च उचलून खोदलेल्या विहिरीचे पाणीही मोफत असते. नमुना किती द्यायचा, हे दुकानदार ठरवतो. विहीर मात्र गाव तिचा गाळ काढत राहील, तोवरच पाणी देते. क्लीव्हलंडच्या लोकांनी तेरा वर्षे त्या विहिरीचे पाणी प्याले. तिचा गाळ काढण्याचे काम आपलेही आहे, हे मात्र अनेकांच्या ध्यानात ती बुजल्यावर आले.