धूर नेमका कोणाचा?

गावात शाळा येते हे आपल्या परिचयाचे आहे. शाळेमागे गाव गेल्याचे उदाहरण मात्र विरळाच. अलास्काच्या वायव्य किनाऱ्यावर, समुद्र आणि खाडी यांच्यामध्ये वाळूची एक चिंचोळी पट्टी आहे. इन्युपियाट हे तिथले मूळ रहिवासी. शिकारीच्या हंगामापुरतेच ते या पट्टीवर मुक्काम करीत. १९०५ साली अमेरिकन सरकारने तेथे शाळा बांधली, मुलांना शाळेत घालण्याची सक्ती केली आणि कुटुंबे तेथेच स्थिरावली. हेच किवालिना. वस्ती सुमारे ४००.

ही वाळू टिकली ती बर्फामुळे. लाट उठायला वाऱ्याखाली मोकळे पाणी लागते. शरद ऋतूत किनाऱ्यालगतचा समुद्र गोठत असे. त्यामुळे वादळ आले तरी लाटांचा मारा वाळूपर्यंत पोहोचत नसे. अलीकडच्या दशकांत बर्फ उशिरा धरू लागला आणि वादळे उघड्या वाळूवर आदळू लागली. गाव हलवायला किमान साडेनऊ कोटी डॉलर लागतील, असा लष्कराच्या अभियंत्यांचा २००६ मधील अंदाज होता.

हा खर्च कोणी द्यायचा? फेब्रुवारी २००८ मध्ये गावाने एक्झॉनमोबिलसह २४ तेल, वीज आणि कोळसा कंपन्यांवर कॅलिफोर्नियातील संघीय न्यायालयात दावा लावला. आधार जुनाच होता: सार्वजनिक उपद्रव. वस्तीत भट्टीचा धूर पसरला तर लोक ज्या तत्त्वावर दाद मागतात, तेच हे तत्त्व. पण भट्टीचा धूर डोळ्यांना दिसतो, कोठून आला ते दाखवता येते. कार्बन डायॉक्साइड साऱ्या वातावरणात मिसळून जातो आणि त्यातला बराचसा शतकानुशतके टिकतो. टेक्सासमधून सुटलेला रेणू कोणता आणि कोल्हापूरमधून सुटलेला कोणता, हे कसे ओळखणार? २००९ मध्ये न्यायाधीशांनी यावरच बोट ठेवले. असंख्य लोकांनी शतकानुशतके सोडलेल्या वायूंपैकी अमक्याच्या वायूने अमुक हानी झाली, असे दाखवता येत नाही. शिवाय हा प्रश्न राजकीय आहे, असे म्हणून त्यांनी दावा फेटाळला.

मला हा तर्क अपुरा वाटतो. रेणूवर नाव नसते हे खरे. पण कोणी किती तेल विकले, किती कोळसा जाळला, याच्या नोंदी असतातच की! अपिलात २०१२ मध्ये निराळेच कारण पुढे आले: हवेच्या प्रदूषणासाठी संसदेने स्वतंत्र कायदा केलेला असल्याने उपद्रवाचा दावा चालत नाही. २०१३ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने प्रकरण ऐकण्यास नकार दिला.

याच काळात आणखी एक दावा चालू होता. शाळांच्या इमारतींना पैसे देताना अलास्का राज्य ग्रामीण, बहुतांशी मूळ रहिवाशांच्या वस्त्यांना डावलते, अशी तक्रार पालकांनी १९९७ मध्येच न्यायालयात नेली होती. त्यातील २०११ च्या तडजोडीत किवालिनाच्या नव्या शाळेसाठी निधी मान्य झाला. ती २०२२ मध्ये उघडली, पण पट्टीवर नव्हे. खाडी ओलांडून सुमारे १२ किलोमीटर आत, टेकडीवर. तेथवर रस्ताही झाला आहे. गाव अजून वाळूवरच आहे.