शाळेचा तुरुंग होऊं नये म्हणून

बंडखोरांचा बीमोड केल्यावर सेनापतीनें पहिलें काम कोणतें करावें? ठाणीं बसवावीं, वाटा राखाव्या, सारा वसूल करावा, असेंच उत्तर इतिहास बहुधा देतो. परंतु मिंग राजवटीच्या काळीं, १५१८ च्या सुमारास, चीनच्या दक्षिण जिआंग्सी भागांतील बंडाळी मोडणाऱ्या एका अधिकाऱ्यानें या कामांच्या जोडीला मुलांच्या शाळा सुरू करविल्या; आणि तेथील शिक्षकांना जे नियम लिहून दिले, त्यांत कवितागायनाला मानाचें स्थान दिलें. हा अधिकारी म्हणजे चीनचा थोर तत्त्वज्ञ वांग यांगमिंग. डोंगरांत दडलेल्या शत्रूपेक्षां मनांत दडलेला शत्रु जिंकणें अवघड, असें तो आपल्या शिष्यांस सांगे. हें अवघड काम कोवळ्या वयांत आणि कोणत्या रीतीनें सुरू करावें, हा त्याच्या शिक्षणविचाराचा गाभा होय.

वांगचा जन्म १४७२ सालीं झेजिआंग प्रांतांतील युयाव येथें झाला. त्याचे वडील १४८१ च्या राजपरीक्षेंत सबंध साम्राज्यांत पहिले आले होते. तेव्हां मुलानेंही तीच वाट धरावी, हें ठरल्यासारखेंच होतें. परंतु जगांत श्रेष्ठ कार्य कोणतें, असें त्यानें लहानपणीं गुरुजींना विचारलें, आणि परीक्षा उत्तीर्ण होणें हें उत्तर मिळतांच, श्रेष्ठ कार्य म्हणजे सत्पुरुष होणें, असें तो उद्गारला, अशी हकीकत त्याच्या चरित्रांत येते. त्या काळीं परीक्षेचा सारा डोलारा बाराव्या शतकांतील पंडित झू शी याच्या भाष्यांवर उभा होता. वस्तुमात्रांतील तत्त्व शोधीत गेल्यानें ज्ञान पूर्णत्वास जातें, ही झू शीची शिकवण. तरुण वांगनें ती शब्दशः मानली. एका मित्रासह तो बांबूंच्या बेटापुढें बसला आणि बांबूंतील तत्त्व शोधूं लागला. मित्र तीन दिवसांत थकला. वांग सातव्या दिवशीं आजारी पडला. तत्त्व मात्र हातीं लागलें नाहीं.

१४९९ सालीं तो परीक्षा उत्तीर्ण होऊन सरकारी सेवेंत शिरला. १५०६ सालीं लिऊ जिन नांवाच्या सत्तांध खोजाच्या जुलमामुळें तुरुंगांत पडलेल्या अधिकाऱ्यांचा कैवार त्यानें घेतला. याबद्दल त्याला चाळीस फटक्यांची शिक्षा झाली आणि दूर ग्वीझौ प्रांतांत लोंगचांग येथील डाकठाण्यावर त्याची रवानगी झाली. मुलूख डोंगराळ, हवा रोगट, शेजाऱ्यांची भाषा अपरिचित. बरोबरचे नोकर आजारी पडले, तेव्हां धन्यानेंच लांकडें फोडलीं, पाणी आणलें आणि पेज शिजवून त्यांना भरविली. त्यांचीं मनें खचूं नयेत म्हणून तो त्यांना कविता गाऊन दाखवी. तेवढ्यानेंही ते रमले नाहींत, तेव्हां त्यानें आपल्या गांवाकडच्या चाली म्हटल्या आणि थट्टाविनोद केला. कवितेचा उपयोग पंडितांच्या सभेपुरता नसून कोंडलेलें मन मोकळें करण्याचें सामर्थ्य तिच्यांत आहे, हें त्यानें असें अनुभवलें.

तेथेंच १५०८ सालीं एका रात्रीं त्याला उमगलें कीं, जें तत्त्व आपण बांबूंत शोधीत होतों, तें आपल्याच अंतःकरणांत आहे. पुढल्या वर्षीं ग्वीयांग येथें तो ज्ञान आणि कृति यांचें ऐक्य शिकवूं लागला. मातृभक्तीवर उत्तम निबंध लिहिणारा, पण आईची विचारपूस न करणारा विद्यार्थी वांगच्या मतें ज्ञानी परंतु आळशी नव्हे. त्याला मातृभक्ति मुळीं समजलेलीच नाहीं.

जिआंग्सींतील शाळांचे नियम वाचतांना ही सारी पार्श्वभूमि ध्यानांत घ्यावी लागते. मुलाला खेळ आवडतो आणि बंधन नकोसें वाटतें, हा वांगच्या दृष्टीनें दोष नव्हे, तो मुलाचा स्वभावच होय. फुटूं लागलेल्या कोंबाला मोकळीक दिली तर तो वाढतो, दडपला तर सुकतो. त्याच्या काळचे पंतोजी मुलांना कैद्यासारखें बांधीत व मारीत. मग मुलांना शाळा तुरुंग वाटावी, गुरु वैरी वाटावा आणि त्यांनीं खोटें बोलून पळ काढावा, यांत नवल तें काय? सदाचरणाच्या नांवानें आपण मुलांना दुराचरणाकडे लोटतों, हा त्याचा आरोप होता.

त्याच्या शाळेचा दिवस पाठांतरानें सुरू होत नसे. घरीं आईबापांशीं प्रेमानें वागलांत काय, वाटेनें नीट चाललांत काय, बोलण्यांत खोटेपणा शिरला काय, असें शिक्षकानें सकाळीं प्रत्येकास विचारावें आणि मुलानें खरें तें सांगावें. चुकलें असेल तर सौम्य शब्दांत समजावावें. त्यानंतर मागील पाठ, शिष्टाचाराचा सराव अथवा निबंधलेखन, मग नवा पाठ आणि शेवटीं कवितागायन. मुलांचे चार वर्ग करून रोज एका वर्गानें गावें, इतरांनीं आदरानें ऐकावें. दर पांच दिवसांनीं चारी वर्गांनीं मिळून गावें. मुलांच्या ओरडण्याला व उड्या मारण्याला गाण्यांतून वाट मिळते, मनांतील कोंडी फुटते आणि इच्छाशक्ति जागृत होते, हें त्याचें कारण. नमस्कार व शिष्टाचार यांनीं शरीरालाही चलन मिळतें. आणि वाचन? ज्याला २०० अक्षरें झेपतात, त्याला १०० च द्यावीं, म्हणजे शक्ति शिल्लक राहते आणि अभ्यासाचा कंटाळा येत नाहीं.

या चित्राला दुसरी बाजूही आहे. ज्या प्रांतांत त्यानें कोंबांना मोकळीक मागितली, त्याच प्रांतांत दहा दहा कुटुंबांचे गट पाडून शेजाऱ्यानें शेजाऱ्यावर पहारा ठेवण्याची पद्धतिही त्यानेंच घातली. मोठ्यांवर बाहेरचा धाक आणि लहानांच्या अंतःकरणावर विश्वास, हा विरोध त्याच्या कारभारांत दिसतो. परंतु धाकावर चालणारी व्यवस्था पहारा उठतांच ढिली पडते. १५२१ च्या सुमारास तो उघडपणें सांगूं लागला कीं, बरेंवाईट ओळखणारी जाणीव प्रत्येक माणसाच्या ठायीं जन्मजात आहे. तसें असेल, तर शिक्षकाचें काम भरण्याचें नसून जागें करण्याचें ठरतें.

ग्वांग्सींतील मोहिमेवरून परततांना, १५२९ च्या जानेवारींत वांग वाटेंतच वारला. १५८४ सालीं कन्फ्यूशियसच्या मंदिरांत त्याला स्थान मिळालें. सतराव्या शतकांत नाकाए तोजू यानें त्याचा विचार जपानांत रुजविला. ज्या परीक्षेला त्यानें श्रेष्ठ कार्य मानलें नाहीं, ती चीनमध्यें १९०५ सालीं बंद झाली. विसाव्या शतकांतील चिनी शिक्षणतज्ज्ञ ताव याच्यावर वांगच्या विचाराचा एवढा पगडा बसला कीं, त्यानें ज्ञान व कृति या दोन शब्दांचें झ्‍रशिंग हें नांव घेतलें; पुढें खेड्यांतील शिक्षणाच्या अनुभवानंतर १९३४ सालीं तेंच उलटें करून कृतीला पहिलें स्थान दिलें. गुरूच्या मतालाही अनुभवावर घांसून पाहणारा हा शिष्य वांगला खचितच आवडला असता.

परीक्षा गेल्या आणि नव्या आल्या. पंतोजींची छडीही बऱ्याच ठिकाणीं गेली. परंतु झेपेल त्याच्या निम्मेंच द्यावें आणि उरलेल्या शक्तीनें मुलानें गावें, असें म्हणण्याचें धैर्य शिक्षकांत आणि आईबापांत आजही क्वचितच आढळतें.