जुन्या वाड्याच्या सागाची फुलदाणी : 'बर्मा टीक'चं लेबल किती खरं आणि तिच्यात पाणी का ओतायचं नाही?

हस्तकलेच्या प्रदर्शनांत आणि इन्स्टाग्रामवरच्या छोट्या दुकानांत हल्ली एक वस्तू हमखास दिसते. लेथवर कातलेली सोनेरी-तपकिरी लाकडाची फुलदाणी. अंगावर एखादं खिळ्याचं भोक, त्याभोवती काळसर डाग. सोबतच्या चिठ्ठीवर लिहिलेलं असतं, 'शंभर वर्षं जुन्या बर्मा टीकपासून हाताने बनवलेली'. किंमत काचेच्या फुलदाणीच्या कितीतरी पट आणि खाली बारीक अक्षरांत सूचना, 'पाणी घालू नये'.

फुलदाणी असून पाणी घालायचं नाही, हा काय प्रकार आहे? आणि ते शंभर वर्षांचं लाकूड येतं कुठून?

पाडलेल्या घरातलं लाकूड

पुण्यातले जुने वाडे आणि मुंबईतल्या अनेक जुन्या इमारती लाकडाच्या सांगाड्यावर उभ्या होत्या. खांब, त्यावर तुळया, तुळयांवर कडीपाट. पुनर्विकासात अशी इमारत पाडली की विटा आणि माती भरावाला जाते, पण सागाला गिऱ्हाईक असतं. मुंबईत रे रोड परिसरातल्या लाकूडबाजारात, पुण्यात भवानी पेठेतल्या टिंबर मार्केटच्या आसपास असं जुनं लाकूड विकलं जातं. त्यातले मोठे, सरळ तुकडे दारं, टेबलं आणि फरशीच्या पट्ट्यांसाठी जातात. लेथवर काम करणारे कारागीर उरलेसुरले तुकडे घेतात. तुळयांची कुजलेली टोकं कापून उरलेला भाग, खाचा पडलेल्या कड्या, चिरलेले खांब.

लेथवर लाकूड कातणाऱ्याला मराठीत कातारी म्हणतात. रेखीव चेहऱ्याला आपण 'कातीव' म्हणतो, तो शब्द याच कामातला. सावंतवाडीची लाखेची खेळणीही याच पद्धतीने बनतात. फिरत्या लाकडावर लाखेची कांडी टेकवली की घर्षणाच्या उष्णतेने लाख वितळते आणि लाकडावर रंग चढतो. म्हणजे तंत्र इथलंच, जुनं आहे. फक्त पाळण्याच्या दांड्यांऐवजी आता फुलदाण्या निघतात.

बर्मा टीक म्हणजे नेमकं काय?

एकोणिसाव्या शतकात मुंबई वाढत होती तेव्हा तिला लागणारा बराचसा साग समुद्रमार्गे ब्रह्मदेशातून, म्हणजे आजच्या म्यानमारमधून येई. तिथली पद्धत खास होती. झाडाच्या बुंध्याभोवती साल आणि तिच्या आतलं पांढुरकं लाकूड कापून कडं पाडायचं. झाड उभ्याउभ्याच दोन-तीन वर्षं वाळायचं, मग ते तोडायचं. कारण साधं होतं, ओला साग पाण्यात बुडतो. वाळलेले ओंडके हत्तींकडून ओढ्यापर्यंत ओढून नेत आणि तिथून नदीच्या प्रवाहाबरोबर रंगूनकडे सोडत.

या व्यापारात १८६३ मध्ये स्थापन झालेली बॉम्बे बर्मा ट्रेडिंग कॉर्पोरेशन ही कंपनी आघाडीवर होती. कंपनीने जितके ओंडके नेले तितक्यांचे पैसे भरले नाहीत, असा ठपका ठेवून राजा थिबाच्या दरबाराने तिला मोठा दंड ठोठावला. ब्रिटिशांनी तेच निमित्त करून नोव्हेंबर १८८५ मध्ये युद्ध पुकारलं. ते दोनेक आठवड्यांतच आटोपलं. राजाला हद्दपार करून रत्नागिरीला आणलं गेलं. रत्नागिरीतला थिबा राजवाडा त्याचाच. १९१६ मध्ये तो तिथेच वारला. सागाच्या ओंडक्यांच्या हिशेबावरून पेटलेल्या भांडणाचा शेवट असा कोकणात झाला.

पण म्हणून प्रत्येक जुना साग ब्रह्मदेशातला नसतो. पेशवाईतल्या वाड्यांना इथलाच साग लागला होता. शनिवारवाड्यासाठी तो जुन्नरच्या जंगलातून आणल्याचं सांगितलं जातं. आलापल्ली-बल्लारपूर पट्ट्यातला, दांडेलीचा, मलबारचा सागही बांधकामात भरपूर वापरला गेला. वनस्पतिशास्त्राच्या दृष्टीने हे सगळं एकच झाड आहे. रंग, पोत आणि वासावरून अनुभवी व्यापारी अंदाज बांधतात, पण कातून पॉलिश केलेल्या फुलदाणीकडे नुसतं पाहून ते लाकूड ब्रह्मदेशातलं की जुन्नरचं, हे कुणीही छातीठोकपणे सांगू शकत नाही. म्यानमारने १ एप्रिल २०१४ पासून कच्च्या ओंडक्यांची निर्यात बंद केल्यावर तर 'बर्मा टीक' या दोन शब्दांचा भाव आणखी वाढला. बाजारात ते अनेकदा जागेचं नाव नसतंच, 'चांगला जुना साग' एवढाच त्याचा अर्थ असतो.

जुनं लाकूड खरंच चांगलं असतं का?

बऱ्याच अंशी हो. नैसर्गिक जंगलात सावकाश वाढलेल्या मोठ्या झाडात गाभ्याचं गडद लाकूड जास्त असतं आणि वाळवीला दूर ठेवणारी तैलद्रव्यं याच गाभ्यात असतात. लागवडीतली झाडं लवकर तोडली जातात, त्यामुळे त्यांत सालीलगतच्या पांढुरक्या भागाचं प्रमाण जास्त निघतं.

दुसरं कारण ओलाव्याचं. ताजं लाकूड वाळताना आकसतं, आणि सगळीकडून सारखं आकसत नाही. वाढीच्या वलयांच्या दिशेने ते जितकं आकसतं, त्याच्या साधारण निम्मंच गाभ्याकडून सालीकडे आकसतं. म्हणून ओल्या लाकडाची गोल फुलदाणी काही महिन्यांत लंबगोल होते किंवा चिरते. वाड्याच्या तुळईचं हे वाळणं कधीच उरकलेलं असतं.

मात्र 'जुनं लाकूड हलत नाही' हा विक्रेत्यांचा दावा अर्धाच खरा. लाकूड कितीही जुनं असलं तरी पावसाळ्यात ओलावा घेतं आणि उन्हाळ्यात सोडतं. जाड खांब आतून पोकळ केला की शंभर वर्षं झाकलेला भाग पहिल्यांदाच हवेला लागतो. शिवाय खांब अख्ख्या झाडाचा असेल तर गाभ्यापासून निघालेली भेग त्यात बहुधा असतेच. म्हणून जाणकार कारागीर आधी बाहेरून आणि आतून ओबडधोबड आकार काढतो, तुकडा काही आठवडे तसाच ठेवतो आणि मग पुन्हा लेथवर चढवतो.

लेथवर काय होतं?

सगळ्यात आधी खिळे शोधायचे. चुंबक किंवा धातुशोधक यंत्र फिरवून तुकडा तपासला जातो, कारण वेगात फिरणाऱ्या लाकडात लपलेला एक खिळा पटाशीची धार घालवतो आणि कधी लाकडाचा टवका तोंडावर उडवतो. खिळ्याभोवतीचा काळा डाग म्हणजे लोखंडाची लाकडातल्या द्रव्यांशी झालेली प्रक्रिया. तो खरवडून जात नाही, त्यामुळे तीच आता शोभा मानली जाते. सागात सूक्ष्म सिलिकाही असते, म्हणून खिळे नसले तरी पटाशीला पुन्हा पुन्हा धार लावावी लागते.

मग चौकोनी ठोकळा गोल होतो. सहा इंच चौरस आणि दहा इंच उंचीचा ठोकळा घेतला, तर नुसता गोल करतानाच त्यातलं सुमारे २१ टक्के लाकूड जातं. आत चार इंच रुंद आणि आठ इंच खोल पोकळी केली की निम्मा ठोकळा भुशात गेलेला असतो. मान आणि पोटाचा आकार अजून द्यायचाच असतो. पोकळी करणं सर्वांत कठीण, कारण पटाशी तंतूंच्या टोकांवर चालते आणि तोंड अरुंद असेल तर आतलं दिसतही नाही. भिंत किती पातळ झाली हे कारागीर कॅलिपरने आणि आवाजावरून ताडतो. किंमत का चढते, त्याचं उत्तर बरंचसं इथे आहे.

ज्याची चर्चा कमी होते तो भाग धुळीचा. जुन्या लाकडावर ऑइल पेंटचे थर असतात आणि जुन्या रंगांत शिसं असण्याची शक्यता मोठी. ते पॉलिश पेपरने घासलं की विषारी धूळ थेट छातीत जाते. नुसती लाकडाची धूळही जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेने माणसात कर्करोग घडवणाऱ्या घटकांत धरली आहे. चांगला मास्क आणि धूळ ओढणारं यंत्र ही या कामात चैन नाही. छोट्या कारखान्यांत अनेकदा तोंडावरच्या रुमालावरच भागवलं जातं.

मग पाणी का नाही?

झाड जिवंत असताना मुळांतून पाणी वर नेणाऱ्या नळ्या लाकडात तशाच असतात. फुलदाणीच्या तळाशी त्यांची तोंडं उघडी पडतात. पाणी ओतलं की ते हळूहळू झिरपतं, तळ फुगतो, भिंती कोरड्या राहतात आणि या ओढाताणीत भेग पडते. मेणाने आणि तेलाने हे लांबतं, थांबत नाही. म्हणून आत काचेची किंवा पितळेची नळी बसवलेली फुलदाणी ताज्या फुलांसाठी घ्यावी, नळी नसेल तर वाळलेली फुलं आणि गवताचे तुरे. उन्हात किंवा एसीच्या झोतासमोर ती ठेवू नये.

विकत घेताना काय पाहावं?

तळ पाहावा. तिथे पॉलिश कमी असतं, त्यामुळे लाकडाचा खरा रंग दिसतो. खिळ्याच्या भोकाभोवती काळा डाग नसेल तर ते भोक ड्रिलने पाडलेलं असू शकतं. तोंडाच्या काठावर वलयांच्या रेषा अचानक तुटत असतील तर फुलदाणी तुकडे चिकटवून केलेली आहे. त्यात गैर काही नाही, पण मग 'एकाच तुळईतून काढलेली' असं तिला म्हणू नये.

आणि लाकूड कुठल्या इमारतीतलं, तिच्या कोणत्या भागातलं, हे विचारावं. कुजलेल्या टोकांची आणि मोडक्या कड्यांची फुलदाणी झाली तर जळणाला गेलं असतं ते लाकूड वाचलं. पण कोरीव काम शाबूत असलेला अख्खा खांब कापून चार फुलदाण्या काढल्या असतील, तर त्याला वाचवणं म्हणता येत नाही, मग चिठ्ठीवर काहीही लिहिलेलं असो.